सरांनी हरलंच पाहिजे

शिक्षक दिन असो, गुरुपौर्णिमा असो किंवा एखाद्या प्राध्यापकाच्या सेवानिवृत्तीचा सत्कार असो, एक सुभाषित व्यासपीठावर हटकून हजर असतं. माणसानं जगात सगळीकडे विजयाची इच्छा धरावी, शिष्याकडून मात्र पराभवाची, असा त्याचा आशय. वक्ता ते म्हणतो, क्षणभर थांबतो, टाळ्या घेतो आणि पुढच्या मुद्द्याकडे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या ढासळत्या शिस्तीकडे वळतो. या सुभाषिताला आजवर कुणी विरोध केल्याचं ऐकिवात नाही, कारण ते अमलात आणायची वेळ सहसा येतच नाही. विद्यार्थी सरांपेक्षा चांगला पेपर लिहू शकत नाही, कारण पेपर तपासायला सरच असतात. तो सरांपेक्षा चांगलं शिकवूही शकत नाही, कारण त्याला शिक्षक दिनाचा एकच तास मिळतो आणि त्यातला निम्मा फोटो काढण्यात जातो. शिष्य गुरूला सगळ्यांदेखत, भर दुपारी आणि नियमाला धरून हरवू शकेल असा वर्षात एकच तास येतो. तो म्हणजे गॅदरिंगच्या आठवड्यातला प्राध्यापक विरुद्ध विद्यार्थी असा मैत्रीपूर्ण फुटबॉल सामना. आणि त्याचा निकाल काय लागतो? २-२. पुढच्या वर्षी फार तर ३-३. माझं म्हणणं सरळ आहे. हा सामना सरांनी हरला पाहिजे, आणि तोही खराखुरा, घाम गाळून, नाइलाजानं हरला पाहिजे. ज्या कॉलेजात तो दरवर्षी बरोबरीत सुटतो, त्या कॉलेजात फुटबॉलखेरीज दुसरंच काहीतरी बिघडलेलं असतं.

महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी असा सामना क्रिकेटचा ठेवतात, आणि त्यामागे शहाणपण आहे. क्रिकेटमध्ये वय लपवायला ऐसपैस जागा असते. प्राचार्य फलंदाजीला आले की गोलंदाजाचा हात आपोआप खाली येतो, टेनिसचा चेंडू अदबीनं टप्पा घेतो, आणि चार धावा झाल्या की सर 'रिटायर' होतात. क्षेत्ररक्षणाच्या वेळी ज्येष्ठांना स्लिपमध्ये उभं करता येतं, त्याहून ज्येष्ठांना पंच करता येतं, आणि सर्वांत ज्येष्ठांना मंडपात बसवून प्रमुख पाहुणे म्हणता येतं. कोल्हापुरात मात्र ही पळवाट नाही. तिथं पेठापेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब ही नावं लहान पोराला पाढ्यांच्या आधी पाठ होतात. शाहू स्टेडियमवर मोठी लढत असली की गावातल्या निम्म्या चर्चा तिच्याच असतात, आणि ईर्षा एवढी की परप्रांतांतलेच काय, परदेशांतलेही खेळाडू संघात आणले जातात. २०१७ साली १७ वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा भारताच्या संघात अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा गडी होता. अशा गावात सकाळच्या तासाला शेवटच्या बाकावर पेंगणारा मुलगा आदल्या दिवशी हजारो लोकांसमोर खेळून आलेला असू शकतो. तिथं गॅदरिंगचा सामना फुटबॉलचाच होणार. आणि फुटबॉलच्या मैदानावर लपायला झाड नाही. गोलची चौकट ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असते. सर कितीही भरदार असले तरी एकट्यानं ती भरत नाही.

आधी निसर्गाचा हिशोब पाहू. माणसाच्या हृदयाचे ठोके जास्तीत जास्त किती पडू शकतात याचा एक ढोबळ नियम आहे: २२० मधून वय वजा करायचं. २० वर्षांच्या मुलाच्या वाट्याला २०० येतात, ५२ वर्षांच्या विभागप्रमुखांच्या वाट्याला १६८. म्हणजे शिट्टी वाजायच्या आधीच सर ३२ ठोक्यांनी पिछाडीवर. व्यावसायिक खेळाडू ९० मिनिटांत साधारण १० किलोमीटर पळतो. सरांना एवढं अंतर कापायला दुचाकी लागते. हे सगळं ओळखूनच सामना २०-२० मिनिटांचा ठेवतात. नियमाप्रमाणे मधली विश्रांती १५ मिनिटांच्या वर जाता कामा नये, पण इथं चहा, पोहे आणि संस्थेच्या सचिवांचं मनोगत मिळून अर्धा तास सहज होतो. पोशाख पाहावा तर वर रौप्यमहोत्सवाच्या वेळचा टी-शर्ट, जो आता पोटावर सुवर्णमहोत्सवाकडे निघालेला असतो. खाली सकाळच्या फिरण्याची ट्रॅकपँट आणि पायात चालण्याचे बूट. एखाद्या सरांच्या खिशात प्रयोगशाळेच्या किल्ल्यांचा जुडगा तसाच राहिलेला असतो, त्यामुळे ते कुठून येताहेत हे प्रतिस्पर्ध्याला मागं न बघता कळतं. वॉर्मअप म्हणून कमरेवर हात ठेवून दोनदा उजवीकडे, दोनदा डावीकडे वळायचं आणि मग आपण विद्यापीठाच्या संघात निवडले जाता जाता कसे राहिलो हे शेजारच्याला सांगायचं. हे दोन संघ समोरासमोर आले तर निसर्ग निकाल ९-० असा लावेल. प्रत्यक्षात लागतो तो २-२. अपेक्षित उत्तर आणि आलेलं उत्तर यांत एवढी तफावत पडली, तर प्रयोगात कुठलं तरी न मोजलेलं बल काम करतंय असं विज्ञान शाखेतला कुठलाही प्राध्यापक सांगेल. फक्त हा प्रयोग तो स्वतःच करत असल्यानं सांगत नाही.

ते बल कुठलं हे प्राध्यापकांच्या संघाची मांडणी पाहिली की कळायला लागतं. फुटबॉलमध्ये ४-४-२, ४-३-३ अशा रचना असतात. इथली रचना सर्व्हिस बुकावरून ठरते. प्राचार्य सेंटर फॉरवर्ड. ते पहिली किक मारतात, फोटो निघतो आणि पाचव्या मिनिटाला त्यांना मॅनेजमेंटचा फोन येतो. कायम सेवेतले ज्येष्ठ मागं बचावफळीत, कारण बचावाचा त्यांना दांडगा अनुभव असतो. नॅकच्या समितीपुढं कॉलेजचा बचाव त्यांनीच केलेला असतो. पुढं आघाडीला पळायला कोण? तासिका तत्त्वावरचे सर. वय तिशीच्या आतबाहेर, नेट-सेट झालेलं, पीएच.डी. झालेली किंवा होत आलेली, आणि कायम पदाची जाहिरात यंदा तरी निघेल या आशेवर जगणारे. वर्षभर त्यांना तासाला मानधन मिळतं. इथं ४० मिनिटं अख्ख्या संघाच्या वाटचं फुकट पळावं लागतं. समोरच्या संघाच्या टॅकलची त्यांना भीती नसते. भीती असते ती आपल्याच विभागप्रमुखांपेक्षा जास्त गोल आपल्या नावावर लागण्याची. म्हणून ते मोकळ्या गोलसमोर पोचूनही बॉल थांबवतात आणि मागून चालत येणाऱ्या ज्येष्ठांची वाट बघतात. आणि मैदानाच्या बरोबर मध्यावर उभे असतात ऑफिसातले हेडक्लार्क. बोनाफाईड, स्कॉलरशिपचा अर्ज, परीक्षेच्या फॉर्मची उलटून गेलेली तारीख, हे सगळं त्यांच्या टेबलावरून जातं. त्यांच्या पायातून बॉल काढून घेणारा विद्यार्थी अजून जन्माला यायचाय. फाइल असो नाहीतर बॉल, त्यांच्याकडे आलेली गोष्ट त्यांना वाटेल तेव्हाच पुढं सरकते.

आता तो क्षण जरा जवळून बघा. बॉल उडत उडत रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांपाशी येतो. सर तो पायानं अडवायला जातात, बॉल गुडघ्याला लागून सहा फूट पुढं जातो, आणि नेमका तिथं त्यांच्याच वर्गातला, शेवटच्या वर्षाचा राइट विंगर उभा असतो. मैदान मोकळं, गोल समोर. मुलाचा उजवा पाय उचलला जातो आणि हवेतच थांबतो. त्या अर्ध्या सेकंदात त्याच्या डोळ्यांपुढून काय काय जातं: सही व्हायची राहिलेलं जर्नल, पुढच्या आठवड्यातली प्रॅक्टिकल, कुठं २० तर कुठं ४० असलेले अंतर्गत गुण, आणि कमी पडलेली हजेरी 'बघू' असं सर म्हणाले होते तो प्रसंग. पाय खाली येतो, बॉलच्या बाजूला. सर दम खात तिथवर पोचतात, बॉल ताब्यात घेतात आणि 'अरे, पोझिशन चुकली तुझी' असं मार्गदर्शनही करतात. हे भित्रेपण नव्हे, हा गणिती निर्णय आहे. तो तसा आहे याचा पुरावाही त्याच मैदानावर मिळतो. तोच विंगर वाणिज्य शाखेच्या सरांसमोर आला की वाघ होतो. बॉल काढून घेतो, वळसा घालतो, वर हसतोही. उलट बी.कॉम.चा पोरगा रसायनशास्त्राच्या सरांना बिनधास्त खांदा देतो, पण अकाउंट्सचे सर दिसले की त्याच्या बुटाची लेस सुटते. मैदानभर कोण कुणाला अडवतोय आणि कोण कुणासमोर थबकतोय याचा नकाशा काढला, तर कॉलेजच्या विषयवार निकालपत्रकाची प्रत हातात येईल. सरांचं वय, वजन, वेग तेच राहतं. बदलतो फक्त गुण देणारा हात. न मोजलेलं बल तेच.

उरलेली कसर रेफ्री भरून काढतो. रेफ्री म्हणजे जिमखान्याचे पीटीचे सर, आणि त्यांचा पगारही त्याच कार्यालयातून निघतो. सर २-० असे मागे पडले की घड्याळ हळू चालतं, आणि शेवटच्या मिनिटाला पेनल्टी सापडते. पेनल्टी किकचा नियम १८९१ साली आला. त्या काळी इंग्लंडमधल्या कोरिंथियन नावाच्या हौशी संघाला तो मुळीच रुचला नाही. सभ्य माणूस जाणूनबुजून फाउल करूच शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून स्वतःला पेनल्टी मिळाली की ते मुद्दाम बॉल बाहेर मारत आणि विरुद्ध मिळाली की त्यांचा गोलकीपर बाजूला उभा राही, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. आपल्या कॉलेजांत ही परंपरा एकतर्फी जिवंत आहे. विद्यार्थ्याला पेनल्टी मिळाली तर तो ११ मीटरवरून ती थेट गोलात उभ्या ग्रंथपालांच्या पोटावर मारतो. सरांना मिळाली की विद्यार्थ्यांचा गोलकीपर उजवीकडे झेपावतो, आणि बॉल तोवर डावीकडून, गवताची विचारपूस करत, रेषेच्या आत जातो. माइकवरचा निवेदक 'काय ही अचूकता!' म्हणतो, तोही मराठी विभागाचाच विद्यार्थी, आणि किक मारणारेही त्याच विभागाचे. कोरिंथियनांनी पेनल्टी सोडली ती आपल्या तत्त्वासाठी. आपला विद्यार्थी सोडतो ती आपल्या सेमिस्टरसाठी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: गुरूला मैदानात लोळवलं तर मान राहील का? उद्या हीच मुलं वर्गात ऐकतील का? या आक्षेपाला केंब्रिज-ऑक्सफर्डकडे बघून उत्तर द्यायची गरज नाही, कोल्हापूरचाच आखाडा पुरे. तालमीत वस्ताद स्वतः लांग कसून लाल मातीच्या हौद्यात उतरतो आणि पठ्ठ्यांशी जोर करतो. पठ्ठा तयार होत गेला की एके दिवशी तो वस्तादाच्या पाठीला माती लावतो. त्या दिवशी वस्ताद रुसून घरी जात नाही. 'आमचा पठ्ठा आम्हालाच भारी पडाय लागलाय' असं तो चार माणसांत, चहाचे पैसे स्वतः देऊन सांगतो. त्या पठ्ठ्यानं पुढं कुठलंही मैदान मारलं तरी आधी तो वस्तादाच्याच पाया पडतो. मान कमी झाला असता तर कोल्हापुरात कुस्ती कधीच बुडाली असती. आणि गंमत अशी की कोल्हापूरचे फुटबॉल संघ याच तालमींच्या नावानं खेळतात. म्हणजे सुभाषित ज्या मातीत रोज अमलात येतं, त्याच मातीत वाढलेला खेळ कॉलेजच्या फाटकातून आत आला की २-२ होतो. जो मान एका गोलानं जाईल तो मान नव्हता, तो धाक होता. आणि धाकाची सोय करायला कॉलेजात परीक्षा विभाग आहेच. त्यासाठी बॉल कशाला?

दुसरा आक्षेप उदारमतवाद्यांचा असतो: अहो, मैत्रीपूर्ण सामना आहे, हरलं काय नि जिंकलं काय, मुलांनी जरा सांभाळून घेतलं तर बिघडलं कुठं? बिघडतं, आणि दोन्ही बाजूंचं बिघडतं. सरांचं असं की त्यांना ते खरं वाटतं. गोल केलेले सर दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये लंगडत येतात, पण चेहऱ्यावर तेज असतं. तो गोल वर्षभर पुरतो. मार्चपर्यंत त्याचं अंतर २० फुटांवरून २० यार्डांवर गेलेलं असतं, आणि पुढच्या गॅदरिंगला सर आणखी आत्मविश्वासानं आणि आणखी एका वर्षाच्या गुडघ्यांनिशी उतरतात. फुटबॉलमध्ये मांडीच्या मागच्या स्नायूची दुखापत सर्वांत नेहमीची आहे, आणि खोट्या आत्मविश्वासाइतकं तिला पोषक दुसरं काही नाही. जो खरा हरला तो पुढच्या वर्षी निदान महिनाभर आधी चालायला लागतो. मुलांचं नुकसान याहून मोठं. वरच्या माणसापुढं नेमकं कधी आणि किती हरायचं, ही विद्या ते या ४० मिनिटांत शिकतात, आणि ती कुठल्याही अभ्यासक्रमापेक्षा पक्की बसते. पुढं हीच मुलं नोकरीला लागतात. साहेबांबरोबर बॅडमिंटन खेळताना शटल नेटमध्ये मारतात, साहेबांच्या चुकीच्या आकड्यावर 'बरोबर आहे, सर' म्हणतात, आणि पूल खचला की चौकशी समितीपुढं उभी राहतात. त्या समितीला कधीच कळत नाही की या सगळ्याचं प्रात्यक्षिक एका राइट विंगरनं तिसऱ्या वर्षाला असताना दिलं होतं.

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे: प्राध्यापक म्हणजे खेळात ढ असं कशावरून? ते खरोखर जिंकू शकणार नाहीत का? विद्वान आणि फुटबॉल यांचं वैर नाही हे मान्यच करायला हवं. डेन्मार्कचा गणितज्ञ हाराल्ड बोर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फुटबॉल खेळला. त्यांच्या संघानं उपांत्य सामन्यात फ्रान्सला १७-१ असं हरवलं आणि रौप्यपदक मिळवलं. त्याचा भाऊ नील्स, जो पुढं भौतिकशास्त्राचं नोबेल घेऊन बसला, तोही फुटबॉल खेळायचा, गोलकीपर म्हणून. लेखक आल्बेर काम्यू अल्जिअर्समध्ये विद्यापीठाच्या क्लबाच्या गोलात उभा राहायचा. ब्राझीलचा १९८२ चा कर्णधार सॉक्रेटिस डॉक्टरकीची पदवी घेतलेला होता. पण या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट लक्षात घ्यावी: हाराल्ड बोर ऑलिंपिक खेळला तेव्हा २१ वर्षांचा होता. म्हणजे तो विद्यार्थ्यांच्या बाजूचा पुरावा झाला. कोल्हापुरात मात्र एक खरा अपवाद भेटतो. प्रयोगशाळेतला एखादा मामा किंवा ऑफिसातला एखादा कारकून वीस वर्षांपूर्वी पेठेच्या संघातून खेळलेला असतो. आता त्याचं पोट सुटलेलं असतं, पळणं जमत नाही. तो मैदानात एका जागी उभा राहतो, बॉल आला की मान वर न करता डाव्या पायानं ४० फुटांवर नेमका टाकतो, आणि तीन पोरं चुकीच्या दिशेला पळतात. याला कुणी सांभाळून घेत नाही, कारण तो सांभाळून घेऊ देत नाही. त्याच्यामुळं स्टाफ जिंकला तर ती जीत शंभर नंबरी, आणि पोरं तिला मनापासून टाळ्या वाजवतात. बघा, त्याच मैदानावर खऱ्या आणि खोट्या गोलाच्या टाळ्या वेगळ्या वाजतात, आणि ते प्रेक्षकांतल्या शेंगदाणेवाल्यालाही ओळखू येतं. तेव्हा सरांनी जिंकूच नये असं नाही. जिंकायचं तर मामांसारखं जिंकावं, तोवर हरावं.

चौथा आक्षेप वेळेचा: सिलॅबस अर्धा राहिलाय आणि तुम्ही बॉलमागं काय लागलात? या आक्षेपाची गंमत अशी की कॉलेज स्वतःच तो कागदोपत्री खोडून काढतं. सामन्याचा अहवाल तयार होतो, जिओ-टॅग केलेले फोटो जोडले जातात, आणि 'विद्यार्थी व शिक्षक यांच्यातील नाते दृढ झाले' असं वाक्य वार्षिक गुणवत्ता अहवालात जाऊन बसतं. नातं दृढ झाल्याचा पुरावा म्हणून जोडलेल्या फोटोत प्राचार्य थांबलेल्या बॉलला लाथ मारताना आणि बाकी एकवीस जण कॅमेऱ्याकडे बघताना दिसतात. फुटबॉलशी शिक्षणाचा खरा संबंध याहून जुना आहे. १८४८ साली केंब्रिज विद्यापीठातल्या तरुणांपुढं प्रश्न होता की जो तो आपल्या शाळेच्या नियमांनी खेळतो. कुणी हातात बॉल घेऊन पळतो, कुणी ते पाहून ओरडतो. तेव्हा ते एकत्र बसले आणि त्यांनी सगळ्यांना चालतील असे नियम लिहून काढले. त्यातल्या एकानं पुढं आठवण लिहिली, तीप्रमाणे दुपारी ४ च्या जेवणानंतर सुरू झालेली ती बैठक मध्यरात्रीला पाच मिनिटं कमी असताना उठली. एवढी लांब बैठक आपल्याकडे फक्त गॅदरिंगच्या जमाखर्चावर होते. पण मुद्दा असा की या खेळाचे नियम घडले ते वेगवेगळ्या घरांतून आलेल्यांनी एका नियमाखाली समान पातळीवर खेळावं म्हणून. ज्या मैदानावर निम्म्या खेळाडूंना एक कायदा आणि निम्म्यांना दुसरा, तिथं केंब्रिजच्या बैठकीचे सगळे तास वाया गेले.

एक गोष्ट आक्षेप घेणारेही विसरतात आणि आयोजकही. निम्मं कॉलेज या सगळ्यात मंडपात बसलेलं असतं. मॅडम बक्षीस वितरणाच्या ताटाशी, आणि मुली रांगोळीजवळ किंवा टाळ्यांना. त्यांतल्या एखादीनं शालेय स्पर्धेत जिल्ह्याकडून फुटबॉल खेळलेला असतो आणि तिला पहिल्या मिनिटापासून दिसत असतं की डाव्या बाजूनं बॉल काढला तर गणिताच्या सरांचा निभाव लागणार नाही. एनसीसीच्या मॅडम रोज पहाटे धावतात. पूर्ण ४० मिनिटं टिकेल असा स्टाफमधला तो बहुधा एकमेव माणूस. संघनिवडीत त्यांचं नाव येत नाही, कारण निवड स्टाफरूमच्या ज्या कोपऱ्यात होते तिथं त्या बसत नाहीत. ज्यांना खेळता येतं त्यांना ताटाशी उभं करायचं आणि ज्यांना वाकता येत नाही त्यांना सेंटर हाफ करायचं, अशा संघानं जिंकायची अपेक्षाही धरणं हा उद्धटपणा आहे.

तेव्हा नुसती तक्रार न करता थोड्या सूचना करतो; खर्च कुठलीच वाढवत नाही. सामना अंतर्गत गुण विद्यापीठाकडे रवाना झाल्यावर ठेवावा, जर्नलं सही होऊन घरी गेल्यावर. एवढ्या एका बदलानं राइट विंगरचा वेग दुप्पट होईल, हे कुठल्याही प्रशिक्षकाला जमणार नाही. रेफ्री बाहेरचा आणावा. कोल्हापुरात शिट्टी वाजवणाऱ्याला तोटा नाही, आणि पेठांच्या सामन्यांत ज्यानं शिव्या पचवल्यात त्याला विभागप्रमुखांच्या भुवयांचं काय? संघ दोन्हीकडे मिश्र करावेत. निवेदकाला खरा स्कोअर सांगायची मुभा द्यावी. तासिका तत्त्वावरच्या सरांना मोकळ्या गोलात बॉल मारू द्यावा. कायम पदाची जाहिरात आपल्या हातात नाही, निदान एवढं तरी आहे. आणि निकाल जो लागेल तो, ७-१ असला तरी, कॉलेजच्या वार्षिक अंकात प्राचार्यांच्या मनोगताशेजारीच छापावा.

सर, शेवटची विनंती तुम्हाला. पुढच्या गॅदरिंगला मैदानात उतरा, जीव तोडून खेळा, एखाद्या पोरानं बॉल काढून घेतला तर त्याचं नाव विचारू नका, आणि हरलात की त्या सुभाषितावर पुढच्या शिक्षक दिनी खुशाल भाषण करा. तुम्हाला तो अधिकार मिळालेला असेल. आणि मुलांनो, तुम्ही सरांना सरळ खांदा द्या. खांद्यानं खांदा रेटायला नियमात मुभा आहे, बेदरकारपणा मात्र चालत नाही. जिंकलात की सरांना हात देऊन उठवा, पाणी द्या, पायात गोळा आला असेल तर तो उतरवा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या तासाला वेळेवर या. सामना कोणीही जिंको, हजेरी ७५ टक्केच लागते.